एकाची वायर उलटी

क्लिफर्ड शेजारच्या दारातून आला तेव्हा
त्याच्या हातात गाडी होती, आणि गाडीतून धूर.
बुटांच्या खोक्याएवढी. चहाच्या पेटीचं प्लायवूड,
दुधी रंग, खाली निळा पट्टा,
कपाळावर बारीक ब्रशने डेअरीचं नाव,
त्यातलं शेवटचं अक्षर हात हलल्याने खाली घसरलेलं.
एकवीस वर्षं त्याने असली खरी गाडी चालवली
कीथलीच्या चढांवर, पहाटेची,
बॅटरीवरची, सायकलच्या चालीने जाणारी.
"व्हायजू," तो म्हणाला, "ही नुसती गिरकी घेते."

मी कणकेची परात सरकवली.
पेपर अंथरला. चष्मा बदलला.

चिंचवडला मी आर्मेचर गुंडाळायचे,
नगावर पैसे.
तांब्याची तार पेरांवरून इतकी गेली
की व्हिसाच्या वेळी बोटांचे ठसे धड उठेनात.
इथे आल्यावर चोवीस वर्षं शाळेतल्या पोरांना जेवण वाढलं.
कुणी विचारलं नाही, मीही सांगत बसले नाही.
एकदा याचा टोस्टर उघडून दिला होता,
तेवढ्यावरून हा आला.

गाडीचं पोट उघडलं.
धूर कशाचा? तांब्याचा एक मोकळा केस,
जिथे शिवू नये तिथे शिवणारा. तो कापला.
मग दोन मोटारी, पाठीला पाठ लावून बसवलेल्या,
एक डाव्या चाकाची, एक उजव्या.
दोन्हींची लाल वायर लाल खुणेला, काळी काळीला.
अगदी नियमाने. म्हणूनच बिघडलं.
पाठीला पाठ लावून बसलेल्या दोघांना
एकाच दिशेला जायचं असेल
तर एकाची वायर उलटी जोडावी लागते.
हे मला काणेकर सुपरवायझरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.
लग्नात मात्र कुणी बोललं नाही,
आणि उलटी कुणाची करायची
हे ठरण्याआधी आमच्या बऱ्याच गिरक्या झाल्या.

बॅटऱ्या चार नव्या, दोन जुन्या, रेडिओतल्या.
"जुन्या चालतात अजून," तो म्हणाला, जरा दुखावून.
चालतात रे, पण नव्यांच्या ओळीत नाही.
ओळीत जी आधी दमते
तिच्यातूनच बाकीच्या रेटत राहतात,
मग ती गरम होते, पाझरते, डबा खाते.
तो गप्प बसला. एकोणऐंशीचा आहे.
मला वाक्य परत घ्यायचं होतं,
पण बॅटरीच्या बाबतीत ते खरंच होतं.

त्याने चिमट्यात वायर धरायची, मी टाका द्यायचा.
चिमटा थरथरायचा.
शेवटी मी त्याचा श्वास ऐकायला लागले.
श्वास पूर्ण सुटला की क्षणभर हात थांबतो,
तेवढ्यात टाका.
राळ जळाल्याचा वास स्वयंपाकघरभर,
अवेळी कुणी धूप घातल्यासारखा.

संध्याकाळी गल्लीत सोडली.
चाळीसच्या दारापासून चढाला लागली,
सरळ, हळू, गुणगुणत.
मी टाळ्या वाजवणार होते.
क्लिफर्डची मान मात्र नकारार्थी.
"फार शांत आहे गं. लोक उठायचे ते मोटारीने नाही."

मी आत गेले. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या,
कधी तरी लागतील म्हणून ठेवलेल्या,
गुडघ्यांच्या, ॲसिडिटीच्या, झोपेच्या.
चौदा निघाल्या. सगळ्या मागच्या जाळीत उभ्या बसल्या.

आता दगडी फरसबंदीवर गाडी वाजत निघाली,
किणकिण, किणकिण,
आणि क्लिफर्ड मागून, खांदे जरा वाकवून,
सव्वीस नंबरला थांबवली. "दोन, बुधवारी तीन."
एकतीस. "नोट वाच आधी, गावाला गेलेत."
त्या घरातलं आता कुणीच त्याला ओळखत नाही.
खिडकीतल्या मुलाने कानातलं काढून पाहिलं,
पुन्हा घातलं.

रात्री बॅटऱ्या चार्जिंगला माझ्या ओट्यावर.
दारात तो म्हणाला, "मग उद्या चारला?"
"दुपारी मला दवाखाना आहे."
तो माझ्याकडे बघतच राहिला.
"दूधवाला," तो म्हणाला, "दुपारी?"